मरी, मरी

जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि माझी झोप गेली. चौतीस वर्षं मी आवक-जावक विभागात काढली. दुपारी टेबलावर डोळे मिटायचा अवकाश, की डुलकी लागायची. घरच्या गादीवर त्या झोपेला काय धाड भरली कुणास ठाऊक. पहाटेपर्यंत टक्क जागी, आणि दिवस उजाडला की भांडायला तयार. दूधवाल्याशी भांडले, गॅसवाल्याशी भांडले, शेवटी आमच्या ह्यांनी जाहीर केलं की तुझी झोप परत येईपर्यंत मी केम गावी भावाकडे जाऊन राहतो. थट्टाच होती ती, पण कपड्यांची पिशवी भरलेली मी पाहिली होती.

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि काही निघालं नाही. दुपारनंतर चहा नको, संध्याकाळी तलावाभोवती चाला, रात्रीचं जेवण लवकर उरका, मोबाइल उशापासून लांब ठेवा, असं त्यांनी सांगितलं. गोळीचं पुढे बघू म्हणाले. मी हे इमानाने केलं. थोडा फरक पडला, थोडा नाही. तेवढ्यात आमच्या शेजारच्या दगडाबाईंनी मला न विचारता निंगव्वाला निरोप धाडला. मला न विचारता कुणी माझं भलं केलेलं मला खपत नाही. म्हणून निंगव्वा पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

ती तेव्हा पासष्टीच्या पुढची असेल. नक्की वय तिलाच माहीत नव्हतं. काटक बांधा, कपाळाला विभूती, विटक्या रंगाचं इरकली लुगडं आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत एक काशाची वाटी, तुपाची डबी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. एवढाच तिचा दवाखाना. नवरा गुंडा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, पुढे तोही गेला, आणि ही वाटी घेऊन घरोघर फिरू लागली. दिवेलागणीच्या सुमाराला येऊन लोकांचे तळपाय घासायचे आणि त्यांना झोप लावून द्यायची, हा तिचा धंदा. चाळीस वर्षं तिने तोच केला.

मी खाटेवर बसले आणि ती खाली जमिनीवर. मग तिने मांडी पुढे केली आणि पाय द्या म्हणाली. माझ्याहून वयाने मोठ्या बाईच्या मांडीवर पाय ठेवायचे, मला कसंतरीच झालं. मी पाय आखडून घेतले.

"पाय दिल्याबिगर झोप कशी दिऊ, बाई?" ती म्हणाली.

दिले. तळव्याला तूप चोळून ती वाटी गोल गोल फिरवू लागली. टाचेपासून बोटांपर्यंत, पुन्हा बोटांपासून टाचेपर्यंत, घाई नाही की जोर नाही. हळूहळू तूप काळं पडलं. ते तिने चिंधीने पुसून मला दाखवलं. अंगातली उष्णता निघाली, असं तिचं म्हणणं. माझी एक भाची करमाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती फोनवर म्हणाली, मावशी, तो काशातल्या तांब्याचा रंग आहे, उष्णता-बिष्णता काही नाही. असेल. पण ती काळी चिंधी पाहिली की दिवसभराची सगळी भांडणं त्यात गेली, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी दहाच्या आत झोपले. ह्यांनी पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले.

मग ती आमच्याकडे लागूनच गेली. थंडीत खसखशीची खीर कर म्हणायची, उन्हाळ्यात माठात वाळा टाक, डोकं ठणकलं तर जायफळ उगाळून कपाळाला लाव. मे महिन्यात आमच्या गावात नळाचं पाणीसुद्धा चटके देतं, तेव्हा ती पायांना मेंदी थापून बसवायची आणि मी पाय धुवायला उठले तर ओरडायची. पण कुणाला ताप असला, छातीत दुखत असलं, तर ती वाटी पिशवीतून काढायचीच नाही. दुखणं डॉक्टरचं आणि जागरण माझं, अशी तिने वाटणी केलेली होती. मला ती बाई आवडू लागली. मी तिला अरेतुरे करायचे. तिच्या नावातच अव्वा आहे, आणि आईला कोण अहोजाहो करतं?

वाटी फिरवताना ती कधी गप्पा मारत नसे. फक्त अगदी खालच्या आवाजात एकच काही पुटपुटत राहायची. मरी, मरी, मर्त बिड. मरी, मरी. वाटीच्या फिरण्याला ते शब्द इतके बसलेले होते, की ती बोलते आहे की वाटीचाच आवाज येतो आहे, हे अर्धवट झोपेत कळायचं नाही. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, भाषा कानडी. माझं माहेर वेळापूर. सगळा संसार सोलापुरात झाला तरी माझं कानडी भाजीबाजारापुरतं. हा काहीतरी मंत्र असणार असं मी धरून चालले. नोकरीत शेरा वाचल्याशिवाय एका कागदावर शिक्का मारला नाही मी, आणि इथे रोज कानावर पडणाऱ्या दोन शब्दांचा अर्थ मला कधी विचारावासा वाटला नाही. झोप येत होती ना, झालं तर.

दोन वर्षं अशी बरी गेली. मग चेतनाचं प्रकरण झालं.

विजापूर वेशीकडच्या एका व्यापारी घरातली ही सून. नवऱ्याचं नाव गुरुशांत. ती करमाळ्याची. लिंगायतांचीच मुलगी, पण करमाळ्याकडच्या लिंगायतांच्या घरात कानडीचा गंध नाही, अगदी आपल्यासारखं मराठी. तिला नवव्या महिन्यात मुलगी झाली, ती गेलेलीच जन्मली. घरी आणल्यावर सासूने पाळणा माळ्यावर टाकला, टोपडी-दुपटी कुणाला तरी देऊन टाकली आणि सगळ्यांना बजावलं की घरात विषय काढायचा नाही. वाईट मनाने नव्हे. आपल्याकडे हेच करतात. चेतनाला झोप येईना. बाळंतिणीची झोप म्हणून निंगव्वाला बोलावलं.

निंगव्वा दोन महिने रोज गेली. मुलगी एक शब्द बोलायची नाही, छताकडे बघत पडून राहायची. एका संध्याकाळी घासता घासता तिने दोन्ही पाय एकदम ओढून घेतले. साडीखाली लपवले, सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली आणि निंगव्वाकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती करमाळ्याला गेली ती परत आलीच नाही. सासरच्यांनी दोनदा माणूस पाठवला, तो तसाच परत आला. मग त्या घरातून गावभर झालं, की निंगव्वाचा हात बाधला.

असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. निंगव्वाची घरं एकेक करून तुटली. दगडाबाईंनीसुद्धा, ज्यांनी मला न विचारता तिला माझ्या गळ्यात बांधलं होतं त्यांनीच, गुडघे दुखतात म्हणून तिला नको सांगितलं. गुडघ्याचा आणि तळव्याचा काय संबंध? मी त्यांना तोंडावर विचारलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

मी मात्र निंगव्वाला सोडलं नाही, आणि म्हणून तिचं बदललेलं मला दिसलं. घासता घासता वाटी मध्येच थांबायची. ती स्वतःच्या हातांकडे बघायची, मग मागे वळून बघायची. मागे आमचं कपाट होतं. पुन्हा सुरू करायची, पुन्हा थांबायची. तिचा चेहरा उतरत चालला होता. दुसऱ्यांना झोप वाटणाऱ्या बाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. असं तीन वर्षं चाललं. विचारलं की काही नाही म्हणायची. मागच्या मार्गशीर्षात एकदा वाटी तिच्या हातून पडली आणि फरशीवर गरगरत गेली. मी चिडले. काय ते एकदा सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असं म्हणाले. माझी दया अशीच बाहेर पडते, त्याला मी काय करू?

"तुमचे पाय हितंच हाईत, बाई," ती म्हणाली. "पन हातातनं दुसरेच पाय निसटत्यात. गार पाय. तिचे. कुनाचेबी पाय घेतले तरी मदीच ते येत्यात आन मागं सरत्यात."

माझे पाय तिच्या मांडीवर होते आणि ते उचलून घ्यावेत असं मला फार वाटलं. पण उचलले असते तर तिचं काय झालं असतं, ते दिसत होतं. म्हणून मी ते तसेच ठेवले.

मग ती बोलली. ती मुलगी जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा तिला कुणी सांगत नव्हतं. सासरची माणसं दारात उभं करत नव्हती. माझ्या हाताने त्या पोरीचं काय झालं, एवढंच मला कळू द्या, असं ती म्हणाली. वाईट झालं असेल तर वाटी तलावात टाकीन आणि कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. पण कळल्याशिवाय ना वाटी सुटत होती ना हात चालत होता.

मला कुणी विचारलं नव्हतं तरी मी जायचं ठरवलं. न विचारता भलं करण्याची दगडाबाईंची खोड मला लागली असावी. टेंभुर्णीमार्गे करमाळ्याला गेले, भाचीकडे उतरले. लहान गाव, घर शोधायला कितीसा वेळ. चेतनाच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, आणि गल्ल्यामागे तीच बसली होती.

जिवंत होती, हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी उगाचच एक ब्लाउजपीस घेतला. तिशीची असेल. कापड मोजताना तिचं बोट गजावरून दोनदा घसरलं. डोळे निंगव्वासारखेच, खाली काळं. मग मी सरळ सांगितलं की मी सोलापूरहून आले आहे आणि निंगव्वाला तुझी काळजी लागली आहे. तिने कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिच्या आई, शिवलीलाबाई, आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"त्या बाई माझे पाय धरून मला मर, मर म्हणायच्या," चेतना म्हणाली. "रोज. इतक्या मायेनं हात फिरवायच्या आणि मर म्हणायच्या. सासूबाईंनीच सांगितलं असणार त्यांना. मूल गेलं, आता हीपण जाऊ दे म्हणून."

ती अजून, मे महिन्यातसुद्धा, दोन दोन मोजे घालून झोपते, असं शिवलीलाबाईंनी सांगितलं. झोपते कसली, नुसती पडते. डोळा लागला की कुणीतरी तळव्यावर गोल गोल फिरवतं आणि ती उठून बसते. बाहेरची बाधा म्हणून कमळाभवानीला नवस झाला होता, डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या. गोळ्यांनी थोडं बरं होतं. पण मोजे निघत नव्हते.

मी चहा न घेताच उठले. कारण तोच शब्द मी पाच वर्षं ऐकला होता. मरी, मरी. ऐकत ऐकत सुखाने झोपले होते. परतीच्या एसटीत मी तो मनात म्हणून बघितला, आणि खरंच त्यात मर होतं. इतकी वर्षं माझ्या पायांशी बसून ती काय म्हणत होती? निंगव्वाला ओळखणारी मी, पण टेंभुर्णी येईपर्यंत मलाही तिची भीती वाटू लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली होती.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी पाय दिले नाहीत. आधी विचारलं, मरी म्हणजे काय गं?

"मरी? मरी म्हंजे इसर की," ती म्हणाली. "मर्त बिड म्हंजे इसरून जा. का वो?"

मी कपाळाला हात लावला. मग माझा तोल सुटला. अगं, करमाळ्याच्या पोरीला कानडी येतं का, तिला काय कळणार, दोन महिने ती ऐकत राहिली की ही म्हातारी मला मर म्हणते आहे, असं सगळं मी एका दमात बोलले. बोलत असताना निंगव्वाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते.

ती वाटी मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर दिवे लागले, ह्यांनी येऊन खोलीतला दिवा लावला आणि आमचे चेहरे पाहून निघून गेले.

"लेकराला मी मर म्हनले व्हय," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. आणि मग, मला तिच्याकडं न्या.

आठ दिवसांनी आम्ही दोघी गेलो. एसटीत ती पिशवी छातीशी धरून बसली होती. मी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं, ऑफिसची टिपणी तयार करावी तसं. गैरसमज कसा झाला, शब्दाचा मूळ अर्थ काय, कुणाचाही दोष कसा नाही. मला वाटत होतं की एकदा अर्थ कळला की प्रकरण मिटेल. कागदावर असंच मिटतं.

दुकान दुपारचं बंद होतं. आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. चेतना आली आणि निंगव्वाला पाहताच दाराशीच थांबली. तिने मोजे घातले होते. मी माझी टिपणी वाचून दाखवावी तशी सगळी सांगितली. मध्ये निंगव्वा एकदाच बोलली. तिने मराठीत म्हटलं, इसर, बाळ, इसर म्हनत हुते मी. मराठीत तो शब्द तिच्या तोंडी नीट बसत नव्हता.

शिवलीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, मलाही. चेतना मात्र हलली नाही.

"म्हणजे रोज तुम्ही मला तिला विसर म्हणत होतात," ती सावकाश म्हणाली. "मग मर म्हणालात तरी काय वेगळं होतं, आजी? सासूबाई तेच म्हणत होत्या. आमचे हेही तेच म्हणत होते. आई अजून तेच म्हणते. मला विसरायचं नव्हतंच. मला कुणाशी तरी तिचं बोलायचं होतं."

माझी सगळी टिपणी तिथेच संपली. शिवलीलाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. मी निंगव्वाकडे बघितलं. आता ही वाटी टाकणार, असं मला वाटलं, आणि मी तिला इथे आणलं म्हणून स्वतःचा संताप आला.

निंगव्वा सरकत पुढे गेली. चेतनाच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली.

"नाव काय ठिवलंवतंस?" तिने विचारलं.

चेतनाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, हे दिसत होतं. नाव ठेवायची वेळच आली नव्हती असं सगळे धरून चालले होते.

"नीलांबिका," ती म्हणाली. "घरात नीला म्हणणार होते."

मग ती खाली बसली. एकेक करून मोजे काढले आणि पाय पुढे केले. तळवे पांढरे फटक पडले होते, तीन वर्षं ऊन न लागलेले. निंगव्वाने ते मांडीवर घेतले. तूप चोळलं, वाटी फिरवली, आणि जिथे मरी यायचं तिथे ती नीला म्हणू लागली. नीला, नीला. खालच्या आवाजात, त्याच चालीवर. चेतना रडली. शिवलीलाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि थोड्या वेळाने त्याही नीला म्हणू लागल्या. मी म्हणाले नाही, तिचे मोजे उचलून त्यांची घडी घातली.

रडणं ओसरल्यावर चेतना तिथेच आडवी झाली, तिचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत तिने विचारलं, आजी, तुम्हाला मुलं किती?

निंगव्वाला मूल नाही असंच मी समजत होते. तीही कधी काही बोलली नव्हती.

"एक झालीवती. पोरगी," निंगव्वा म्हणाली. "चार म्हयन्यांची हुती. लई हसायची. तापात गेली. हे म्हनले, तिचं नाव काडायचं न्हाय. मी रानात बसून एकटीच म्हनायचे, मरी, मरी. तवापासनं तोंडात बसलं ते."

"नाव काय होतं तिचं?" चेतनाने विचारलं.

निंगव्वाने सांगायला तोंड उघडलं. वाटी फिरत होती. मग हळू झाली. मग थांबली. थांब, सांगते, ती म्हणाली. लई गोड नाव हुतं. तिने डोळे मिटले, उघडले. ओठ हलले, पण त्यांतून काही आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद जपून ठेवलेल्या माझ्याकडे तरी ते नाव असेल, असं तिला वाटलं असावं. माझ्याकडे कुठून असणार? पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. गुंडा गेला, तिची सासू गेली, माहेरचं कुणी उरलं नाही. ज्यांनी ते नाव ऐकलं होतं त्यांच्यातली ती एकटीच जिवंत होती.

चेतना झोपली होती. निंगव्वाच्या मांडीवर तिचे उघडे पाय तसेच होते, आणि निंगव्वा वाटी हातात धरून बसून राहिली. शिवलीलाबाईंनी चहा आणला तो तसाच गार झाला.

त्यानंतर निंगव्वाने वाटी टाकली नाही. चेतना आता करमाळ्यात शांत झोपते. गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या आहेत. आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. आठवलं का, एवढंच ती विचारते. घासताना निंगव्वाच्या हातातून आता कुणाचे पाय निसटत नाहीत. ती मरीही म्हणत नाही. ती नावं म्हणते. गंगव्वा. मग थोडा वेळ थांबते आणि मान हलवते, न्हाय. पार्वती. न्हाय. बसव्वा, गौरव्वा, कल्लव्वा. बाजारात कुणी पोरीला हाक मारली की वळून बघते. मी मुद्दाम अक्कलकोटला जाऊन तिच्या माहेरच्या गावची दोन म्हातारी माणसं गाठली. त्यांना निंगव्वा आठवत होती, मूल आठवत नव्हतं. मी ग्रामपंचायतीत जन्मनोंदीची चौकशी केली, तिथल्या माणसाशी भांडलेही. तेवढी जुनी वही वाळवीने खाल्ली होती.

परवा ती वाटी पुसून पिशवीत ठेवत होती. उठायच्या आधी माझ्या खाटेला धरून जरा थांबली.

"बाई, माजे आता किती दिस ऱ्हायले?" ती म्हणाली. "शिवाकडं गेले की तितं ती असंल. तिला हाक कशी मारू?"